क्रूझवर ‘डेव्हिल्स आयलंड’ लागतंय, आई-बाबांना उतरू द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या एका ताईंचे आई-बाबा (वय ६८ आणि ७१) दक्षिण अमेरिकेच्या क्रूझवर निघालेत. एका दिवसापुढे ‘डेव्हिल्स आयलंड, फ्रेंच गयाना, सकाळी ८ ते दुपारी ३’ एवढंच लिहिलंय. त्या दिवशी जहाजाची स्वतःची सहल नाही. बाबा अंदमानची सेल्युलर जेल दोनदा पाहून आलेत आणि ‘तसंच असेल तर उतरायलाच हवं’ म्हणतायत. आईंचे गुडघे दुखतात. उतरावं का, काय बघावं, आणि जेल म्हणून तिथे नेमकं काय उरलंय?

ताई, उतरू द्या. दोघांनाही. फक्त दोन कामं इथूनच उरकून घ्या आणि बाबांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा: ते ज्या बेटावर पाय ठेवतील ते डेव्हिल्स आयलंड नसेल.

मी बारा वर्षं क्रूझ जहाजांवर शोअर एक्स्कर्शन, म्हणजे किनाऱ्यावरच्या सहलींच्या, विभागात होतो, आता पुण्याहून छोटे गट घेऊन जातो. या बेटावर नऊ वेळा उतरलोय आणि तीन वेळा लाटांमुळे न उतरताच पुढे गेलोय. त्यामुळे लिहितोय ते पाहिलेलं आहे.

कुरू नावाच्या गावासमोर, किनाऱ्यापासून साधारण चौदा किलोमीटरवर तीन बेटांचा पुंजका आहे. सगळ्यांत मोठं रॉयाल, जेमतेम २८ हेक्टर. त्याच्या दक्षिणेला सेंट जोसेफ. आणि उत्तरेला सगळ्यांत धाकटं, नारळीच्या झाडांनी भरलेलं, ते डेव्हिल्स आयलंड. तिघांना मिळून फ्रेंचमध्ये ‘साल्यू’ बेटं म्हणतात. साल्यू म्हणजे तारण. १७६३ नंतरच्या दोन वर्षांत फ्रान्सने कुरूच्या किनाऱ्यावर हजारो लोक वसाहतीसाठी पाठवले आणि त्यांतले बहुतेक तापाने गेले. उरलेल्यांतले काही या बेटांवर आले. इथे वारा होता, डास कमी होते, माणसं वाचली, म्हणून हे नाव. पुढे नव्वद वर्षांनी त्याच बेटांवर कैदी आणून उतरवले गेले. जहाजं नांगर टाकतात ती रॉयालसमोर. डेव्हिल्स आयलंडवर उतरायला परवानगीच नाही. समोरच्या काठावरून बघायचं. नाव मात्र सगळीकडे त्याचंच छापतात, कारण एका गाजलेल्या आत्मकथेने आणि तिच्यावरच्या सिनेमाने ते जगभर पोचवलं.

आता ती दोन कामं. पहिलं पिवळ्या तापाच्या लसीचं. फ्रेंच गयानात शिरायला या लसीचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणजे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. आणि हे नीट वाचा: साठीनंतर ही लस आयुष्यात पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. तुमच्या आई-बाबांची वयं बघता आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, मगच सरकारमान्य केंद्रात जा. डॉक्टर नको म्हणाले तर त्यांच्या सूटपत्रावर जहाजात घेतील का, हे कंपनीकडून लेखी मागवा. फोनवरचं ‘हो हो, चालतं’ धरून बसू नका.

दुसरं व्हिसाचं. फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग, चलन युरो, पोलीस फ्रेंच. पण तो शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, क्षेत्रात येत नाही. पासपोर्टवर शेंगेन व्हिसा आहे म्हणजे झालं, असं समजून आलेल्या एका जोडप्याला मी स्वतः जहाजावरच थांबताना पाहिलंय. त्यांच्या एजंटाने त्यांना सांगितलंच नव्हतं. रेलिंगला टेकून समोरचं बेट बघत बसलेले ते दोघं मला अजून आठवतात. भारतीय पासपोर्टवर या थांब्याला काय लागेल, हेही कंपनीकडून लेखीच घ्या.

उतरण्याचं म्हणाल, तर आईंच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड भाग बेटावर नाही, जहाजाच्या दाराशी आहे. रॉयालला मोठं जहाज लागेल असा धक्काच नाही. जहाज दूर नांगरतं आणि टेंडर म्हणजे लहान बंद होड्या माणसांना नेतात. पाण्याच्या पातळीजवळचं दार उघडतात, बाहेर एक फळीवजा मंच असतो, त्याला होडी घासत वरखाली होत असते. ही लाट फुटत नाही, नुसती फुगते आणि बसते. बघताना काही वाटत नाही, पाय टाकताना मात्र होडी अचानक हातभर खाली गेलेली असते. दोन खलाशी दोन्ही बाजूंना उभे राहतात. आईंना सांगा, त्यांची बोटं धरायची नाहीत. आपण त्यांचं मनगट धरायचं, ते आपलं मनगट धरतात. ओल्या हातातून बोटं निसटतात, मनगट निसटत नाही. हातात पिशवी, फोन, काठी काही नको, काठी खलाशाकडे द्यायची. तो ‘आता’ म्हणेल तेव्हा एकच पाऊल, मोठं, न थांबता. अर्धवट टाकून मागे घेतलेलं पाऊल हेच पडण्याचं कारण असतं. बारा वर्षांत मी जेवढी माणसं घसरताना पाहिली, त्यांतली बहुतेक अशीच घसरली.

उसळ जास्त असेल तर कप्तान हा थांबा रद्द करतो. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, वादही घालू नका. आणि कुरूहून रॉकेट सुटायचं असेल त्या दिवशी बेटं रिकामी करतात, कारण रॉकेटची वाट यांच्यावरून जाते. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेने १९७१ साली ही बेटं त्यासाठीच ताब्यात घेतली. बाबांना आवडेल म्हणून सांगतो: आपला ‘ॲपल’ उपग्रह १९८१ साली इथूनच, एरियन रॉकेटवर गेला, १९९२ चा इन्सॅट-२ए आणि नंतरचे कितीतरी उपग्रहही इथूनच गेले. जेट्टीवरून मुख्य भूमीकडे बघितलं की मधलं पाणी गढूळ, मातकट दिसतं, भर पावसात ठाण्याची खाडी दिसते तसं. तो सगळा ॲमेझॉनचा गाळ आहे, प्रवाहाने इथवर आलेला.

आता बाबांचा खरा प्रश्न: अंदमानसारखं आहे का?

आहे, पण सेल्युलर जेलसारखं नाही. रॉयाल बेट रॉस बेटासारखं आहे. बाबा अंदमानला दोनदा गेलेत म्हणजे होडीने रॉसलाही गेले असतील; आता त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. तिथे जसे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले, चर्च, दफनभूमी, आणि त्यांच्यावर मुळं सोडून बसलेली झाडं, तसंच रॉयालवर. कारभार इथून चालायचा. पहारेकरी, त्यांच्या बायका-मुलं, दवाखाना, चर्च, दीपगृह सगळं इथे. सेल्युलर जेलची बहीण शोधायची तर ती शेजारच्या सेंट जोसेफवर आहे. बेटांवर पुन्हा गुन्हा करणाऱ्याला किंवा पळून पकडला गेलेल्याला तिथे एकांतकोठडीत टाकायचे. त्या कोठड्यांना छत नसायचं, वर लोखंडी जाळी, आणि जाळीवरून पहारेकरी चालत खाली बघायचा. बोलायला बंदी. कैदी त्या जागेला ‘माणूसखाऊ’ म्हणायचे. क्रूझच्या वेळेत सेंट जोसेफला सहसा जाता येत नाही. कुरूहून दिवसभरासाठी येणाऱ्या शिडाच्या होड्या तिथे थांबतात. ‘कोणीतरी सोडेल’ म्हणून धक्क्यावर वेळ घालवू नका. रॉयालवरच पाच तास पुरत नाहीत.

आणखी एक फरक बाबांना आधीच सांगा, नाहीतर ते तिथे ज्योत आणि नावांचे फलक शोधत राहतील. सेल्युलर जेलमध्ये आपण डोकं टेकवायला जातो. बाबाराव आणि तात्याराव सावरकर तिथे होते, वामनराव जोशी होते, बंगाल-पंजाबचे क्रांतिकारक होते. आपल्याला दंडाबेडी आणि कोलू हे शब्दही घरातल्यासारखे झालेत. इथे मात्र बहुतेक कैदी साधे गुन्हेगार होते. चोर, दरोडेखोर, खुनी, खोट्या नोटा छापणारे. राजकीय कैदी थोडे, आणि त्यांनाच डेव्हिल्स आयलंडवर ठेवायचे. म्हणून आमच्या गटात हमखास कोणीतरी म्हणतं, ‘मग यांच्यासाठी कशाला एवढं वाईट वाटून घ्यायचं?’ मी त्यांना तिथेच सावलीत बसवून एक कायदा सांगतो. तो कळला की बेट वेगळं दिसायला लागतं.

१८५२ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने कैदी इथे पाठवायला सुरुवात केली आणि १८५४ मध्ये कायदा झाला. आठ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर ती भोगून झाल्यावर तेवढीच वर्षं आणखी गयानातच राहायचं. पाच वर्षांची शिक्षा म्हणजे दहा वर्षं. आठ किंवा जास्त असेल तर जन्मभर. मुदत संपलेल्याला घरी जायचं तर भाडं स्वतःच्या खिशातून, आणि खिशात काही नसायचं. कैदेत निदान जेवण मिळायचं. सुटलेला माणूस राजधानी कायेनच्या रस्त्यावर उपाशी फिरायचा, कारण स्वस्तातले कैदी असताना त्याला कोण कामावर ठेवणार? १८८५ मध्ये दुसरा कायदा आला: पुन्हा पुन्हा पकडले जाणारे भुरटे चोर आणि भटके यांनाही आयुष्यभरासाठी इकडे पाठवायचं. खून नाही, दरोडा नाही, चार-सहा किरकोळ चोऱ्या. सगळे मिळून सुमारे ७० हजार माणसं या वसाहतीत आली. आल्बेर लोंद्र नावाच्या पत्रकाराने १९२३ मध्ये इथे येऊन लिहिलं तेव्हा फ्रान्सला पहिल्यांदा धक्का बसला. तरी पाठवणं थांबायला १९३८ उजाडलं, आणि शेवटचे कैदी परत गेले ते १९५३ साली. आपला देश स्वतंत्र होऊन सहा वर्षं झाली होती.

हे ऐकून आमच्या एका गटातले निवृत्त न्यायाधीश बराच वेळ बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, ‘शिक्षा न्यायाधीशाने पाच वर्षं दिली आणि कायद्याने दहा केली. त्या न्यायाधीशाला हे माहीत होतं.’

प्रत्यक्ष फिरण्याचा क्रम असा ठेवा. जेट्टीपासून वर पठारापर्यंत चढ आहे, कैद्यांनी घातलेल्या दगडी फरसबंदीचा. शेवाळ धरतं. आईंना चपला नकोत, मागे पट्टा असलेले, खरखरीत तळाचे बूटच हवेत. आणि इथे काठी हवीच. हळू चढलं तर वीस मिनिटं. वर खानावळ आहे, पूर्वीची पहारेकऱ्यांची भोजनशाळा. तिच्या व्हरांड्यातून तिन्ही बेटांमधलं पाणी दिसतं. आईंना इथून पुढे नको वाटलं तरी त्यांचं येणं वाया गेलं असं होत नाही. थंड काहीतरी घ्यावं, बसावं. युरोच्या सुट्या नोटा जवळ ठेवा.

तिथून आजूबाजूलाच चर्च, दवाखाना आणि कोठड्या. चर्च उघडं असेल तर आत नक्की जा: भिंतींवरची चित्रं फ्रान्सिस लाग्रांज या कैद्याने काढलीत. बनावट नोटांच्या गुन्ह्यात तो इथे आला होता. हात चांगला होता, तोच त्याला इथे घेऊन आला आणि त्याच हाताने त्याने हे रंगवलं. दवाखान्याची इमारत भव्य आहे, आत जाता येत नाही. कोठड्यांच्या ओळीत मात्र जाता येतं. फाशीच्या, म्हणजे इथे गिलोटिनच्या, कैद्यांनाही तिथेच ठेवायचे. एका कोठडीत एकटं उभं राहा, बाकीच्यांना पुढे जाऊ द्या. रात्री कैद्याचा घोटा कडीत घालून ती कडी एका लोखंडी दांड्यात ओवायचे. त्या दांड्याला त्यांचं नाव होतं ‘न्यायाचा दांडा’. माझा स्वतःचा अनुभव असा की बाहेर समुद्राचा वारा चेहऱ्यावर लागत असतो आणि आत तो अजिबात येत नाही. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत शिरल्यासारखं होतं. दोन मिनिटांत पाठ ओली होते.

मग मुलांची दफनभूमी. नकाशावर बारीक अक्षरात असते, बरेच जण चुकवतात. पहारेकऱ्यांची लहान मुलं इथे तापाने, हगवणीने गेली, त्यांची थडगी आहेत. काहींवर नाव वाचता येतं, काहींवर फक्त शेवाळ. मोठी माणसं, म्हणजे पहारेकरी आणि त्यांचे आप्त, सेंट जोसेफवर पुरलेत. कैद्यांची थडगी विचाराल तर या बेटांवर कैद्याला माती मिळत नव्हती. मेलेल्याला होडीतून मधल्या पाण्यात नेऊन सोडायचे, आणि त्या पाण्यात शार्क होते. मी इथे गटाला पाच मिनिटं गप्प उभं राहायला सांगतो. एका सहलीत आमच्यातल्या एक काकू निघताना वाकल्या आणि एका थडग्यावरची वाळलेली पानं हाताने बाजूला केली. बाकीच्या बायकांनीही मग तेच केलं, कोणी सांगितलं नव्हतं.

बेटाभोवतीची पायवाट तासाभराची. बाबांची तब्येत बरी असेल तर त्यांनी उत्तरेकडच्या टोकापर्यंत जावं. समोरच डेव्हिल्स आयलंड, मध्ये वेगाने धावणारी अरुंद खाडी. झाडांमध्ये एक बुटकं दगडी घर आहे, ते आल्फ्रेड ड्रेफस यांचं. फ्रेंच तोफखान्यातले ज्यू कॅप्टन. जर्मनीला गुपितं विकल्याच्या खोट्या आरोपावरून त्यांना एप्रिल १८९५ मध्ये त्या बेटावर आणलं आणि जून १८९९ पर्यंत ठेवलं. पहारेकऱ्यांना त्यांच्याशी बोलायला मनाई. १८९६ मध्ये त्यांच्या भावाने, मात्यूने, लोकांना या खटल्याचा विसर पडू नये म्हणून इंग्लंडच्या एका वर्तमानपत्रात ‘ड्रेफस पळाले’ अशी खोटी बातमी पेरली. पॅरिस घाबरलं. हुकूम आला: रात्री पलंगाला बेड्यांनी जखडा, घराभोवती उंच लाकडी कूड घाला. त्या कुडामुळे त्यांना समुद्रही दिसेनासा झाला. भावाने वाचवायला केलेलं भावाच्याच पायात पडलं. पण खटला मात्र खरंच लोकांच्या डोक्यात राहिला. जानेवारी १८९८ मध्ये कादंबरीकार एमिल झोला यांनी राष्ट्राध्यक्षांना उघडं पत्र लिहिलं, आणि १९०६ मध्ये ड्रेफस पूर्ण निर्दोष ठरले. या जागी उभं राहून बाबांनी हे सगळं आईंना सांगावं. काठावरून खाली पाण्याजवळ उतरू नये, पोहायचा तर विचारही नको, ओढ फार आहे.

प्राणी खूप दिसतील. माकडं, मोर, घोरपडीएवढे इग्वाना, आणि अगूती नावाचा बिनशेपटीच्या मोठ्या घुशीसारखा लाजाळू प्राणी. चिवड्याची पुडी माकडांसमोर उघडू नका, हातातून जाईल. नारळाच्या झाडाखाली बसू नका. आठवण म्हणून दगड-विटेचा तुकडा कोणी उचलत असेल तर त्याला थांबवा.

पाणी प्रत्येकी किमान दीड लिटर, टोपी, डासांचं मलम, आणि छत्री; डिसेंबर ते जुलै कधीही सर येते आणि सर आली की ती फरसबंदी निसरडी होते. बेटावर औषधाचं दुकान नाही, म्हणून बाबांच्या दुपारच्या गोळ्या खिशातच.

टेंडरची तिकिटं बऱ्याच जहाजांवर सकाळी वाटतात. बाबांनी लवकर उठून पहिल्या किंवा दुसऱ्या होडीची घ्यावीत. साडेआठला वर पोचलं तर ऊन सोसतं आणि कोठड्यांमध्ये गर्दी नसते. परतीला शेवटच्या होडीवर राहू नका, जेट्टीवर सावली नसलेली लांब रांग लागते. दीडला खाली आलात की पुरे. आणि निघताना आईंना आठवण करा: मनगट धरायचं, बोटं नाही.